लुआच्या नावाची तेरा वर्षं

सुएनला बुटांच्या कारखान्यात घेतलं त्या दिवशी कागदावर तिचं वय बावीस होतं आणि खरं वय तेहेतीस. मधली अकरा वर्षं कुठे गेली हे कारखान्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात ती आपल्या खऱ्या वयानिशी त्याच फाटकावर उभी राहिली होती. बेन त्रेच्या माडांच्या गावाहून पहाटेची बस धरून, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन ती कारखान्यांच्या बिन्ह युओंगला आली होती. फाटकावर फळा लावला होता : शिवणकामासाठी बायका पाहिजेत, वय अठरा ते अठ्ठावीस. खाली बारीक अक्षरात, पुरुषांसाठी सध्या जागा नाहीत. पुरुष का नकोत हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पुरुष भांडतात, संप करतात आणि कोणी ओरडलं की उलट ओरडतात. बायका ऐकून घेतात. म्हणजे बाई असणं हीच तिथली मोठी लायकी, फक्त डबाबंद दुधावर छापतात तशी तिच्यावर तारीख छापलेली. तारीख उलटली की ती लायकी राहत नाही.

दारवान तिच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, पोरगी कुठाय?"

"कुठली पोरगी?"

"जिला कामाला लावायचंय ती."

"मीच आलेय कामाला."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. तिचं ओळखीचं कार्ड परत देताना म्हणाला, "अहो, इथे मुली घेतात. मुलींच्या आया नाही घेत."

सुएन खरोखरच एका मुलीची आई होती. येन तेव्हा सहा वर्षांची. नवरा नारळ वाहून नेणाऱ्या बोटीवर होता. तो दक्षिणेला का माउच्या बाजूला गेला आणि तिकडचाच झाला. येनला आजीच्या हवाली करून सुएन निघाली होती. आता परत जायचं तर कुठल्या तोंडाने, हा प्रश्न होता. त्या दिवशी ती भाड्याच्या खोल्यांच्या एका रांगेत टेकली, तिथल्या घरमालकिणीने तिला मार्ग दाखवला. तामआजी म्हणायचे तिला सगळे.

"धाकटी बहीण आहे?" तामआजीने विचारलं.

"आहे. बावीस वर्षांची."

"लग्न?"

"पुढच्या महिन्यात."

"मग रडतेस कशाला? तिची फाइल मागव. ही सात नंबरची खोली बघ, ती भाचीच्या नावावर शिवते. पलीकडची जाऊबाईच्या नावावर. या रांगेत स्वतःच्या नावाने फक्त माझं कुत्रं राहतं."

सुएनने घरी फोन लावला. लुआ, तिची धाकटी बहीण, लग्नाच्या गडबडीत होती. कोळंबीच्या तळ्यांचा मालक असलेल्या घरात ती पडणार होती, आणि सगळं गाव तिच्या नशिबाचा हेवा करत होतं. ती फोनवर खिदळली. "घे की, ताई! मला काय करायचंय त्या नावाचं? मी काय बूट शिवायला येणारेय?" आईने लुआचं कार्ड, शाळेचा दाखला, वाडीच्या शिक्क्याचा कागद असं सगळं एका पुडक्यात घातलं, वर नारळाच्या वड्या ठेवल्या आणि बसवाल्याकडे दिलं. कार्डावरचा फोटो सोळाव्या वर्षीचा, पुसट. दोघी बहिणींचं नाक आईचं. तेवढं पुरलं.

कारखान्यात भरतीच्या टेबलाशी बसलेल्या बाईने सुएनचे दोन्ही हात पालथे-उलथे करून बघितले, बोटं दाबून बघितली. लग्न झालंय? नाही. मित्र आहे? नाही. दोन वर्षं लग्न करणार नाही, मूल होऊ देणार नाही, असं लिहून दे. सुएनने लिहून दिलं. सहा वर्षांच्या येनच्या आईने, लुआच्या नावाखाली, लुआसारखी सही केली. सही तिने तामआजीच्या ओट्यावर बसून शंभरदा गिरवली होती.

अशी ती लुआ झाली. आता आमच्याकडे कोण कोणापेक्षा मोठं हे ठरल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही. त्यामुळे चोवीस-पंचवीसच्या पोरींना ती 'ताई, ताई' करू लागली आणि त्या तिला 'ए पोरी' म्हणू लागल्या. लाइनीची मुकादम थाओ, वय पंचवीस, आवाज फुटक्या कर्ण्याचा. ती पहिल्याच दिवशी कडाडली, "पोरी, हात आहेत की वल्ही?" सुएन म्हणाली, "बरं ताई," आणि तिने हात चालूच ठेवले. जेवणाच्या सुट्टीत पोरी तिला गोदामातल्या एका ड्रायव्हरशी जोडायला बघायच्या. "लुआ, तो तुझ्या ताटात मासा टाकतो, आणि तू मान खाली घालून भात काय चिवडतेस? असंच चाललं तर बिनलग्नाची म्हातारी होशील हं!" सुएन लाजल्यासारखं करायची. दर वर्षी लुआच्या वाढदिवसाला तिच्यासाठी केक यायचा. चोवीस, पंचवीस, सव्वीस. मेणबत्त्या विझवताना एकदा तिला स्वतःला सदतिसावं लागलेलं होतं, आणि ते तिलाही दोन दिवसांनी आठवलं.

एक गोष्ट मात्र तिला कधी हसण्यावारी नेता आली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत येन आजीबरोबर खोलीवर यायची. रांगेत कारखान्याच्या पोरी राहत होत्या, म्हणून आजीने बसमध्येच तिच्याकडून पाठ करून घेतलेलं असायचं, तिथे आईला मावशी म्हणायचं. पोर शहाणी. एकदाही चुकली नाही. तिसऱ्या वर्षी सुएन तेतच्या, नव्या वर्षाच्या सणाला गावी गेली, अंगणात पानात बांधलेला भात शिजत होता, सगळं घरचंच माणूस, आणि येनने हाक मारली, "मावशी, लाकडं आणू?"  येनला कळलंही नाही. सुएन लाकडं आणायच्या निमित्ताने माडांमागे गेली आणि पोटभर रडून आली.

कारखान्यात चाळीस बायकांमागे संडासाला जायची दोन कार्डं. कार्ड गळ्यात घालून जायचं, परत आल्यावर पुढचीच्या गळ्यात घालायचं. सुएन सकाळपासून पाणीच पीत नसे. मशीन बिघडलं की मेकॅनिक येईपर्यंत बसून राहावं लागे, आणि शिवायचे राहिलेले नग अंगावर येत. म्हणून ती स्वतःच मशीन उघडायला शिकली. तिच्या लाइनीवर आलेला नवा मेकॅनिक तिलाच विचारून विचारून काम शिकला. तीन वर्षांत तो सुपरवायझर झाला. सुएनने एकदा हिय्या करून मेकॅनिकच्या जागेसाठी अर्ज केला, तर ऑफिसातल्या साहेबाने तो अर्ज दोन टेबलांवर फिरवून सगळ्यांना हसवलं. "लुआ, ग्रीसने हात काळे झाले तर नवरा कुठून मिळेल?" सुएनही हसली. न हसून सांगते कोणाला?

सातव्या वर्षी लुआचा, म्हणजे खऱ्या लुआचा, गावाहून फोन आला. कोळंबीला रोग लागून तळी पांढरी पडली होती. दोन लेकरं पदरात. ती म्हणाली, "ताई, मला आता माझं नाव लागेल. मी येते तिकडे. अजून तिशीच्या आत आहे, घेतील मला."

सुएनने डोळे मिटून घेतले. नाव परत द्यायचं म्हणजे चाळिसाव्या वर्षी रस्त्यावर यायचं. येन तेरा वर्षांची.

"थोडं थांबशील, लुआ? येनची शाळा तेवढी होऊ दे."

 मग लुआ म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. तेव्हा लुआ एकोणतीसची होती. कितीतरी कारखाने तिशीपर्यंतच्या बायकांना घेत होते. सुएनने आयुष्यात केलेलं पाप कोणतं असं कोणी विचारलं असतं, तर तिने खोटं नाव सांगितलं नसतं. तिने हा फोन सांगितला असता.

शाळा झाली. येन औषधशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेली आणि पोरीने नाव काढलं. आता एक वर्ष उरलं होतं. एवढं एक वर्ष काढायचं, मग लुआचं नाव लुआला, येनला नोकरी, आणि आपण गावी जाऊन माडाखाली बसायचं, असा सुएनचा हिशेब होता. साथीच्या रोगाची दोन वर्षंही ती कशीबशी तगली होती. पण त्यानंतर परदेशातून बुटांच्या ऑर्डरी आटल्या, आणि त्याच साली लुआच्या कार्डाने पस्तिशी गाठली.

पस्तिशीच्या बायकांना कोणी काढत नाही. काढलं तर कारखान्याला भरपाई द्यावी लागते. त्यांनी आपणहून जावं अशी व्यवस्था करतात. सुएनला कापडी बुटांवरून जाड चामड्याच्या लाइनीवर टाकलं. तासाचे नग वाढवले. गोंदाच्या पिंपाशेजारी जागा दिली. दर सोमवारी एचआरची एक पोरगेलीशी बाई पस्तिशीवाल्यांना एकेक करून बोलावून गोड बोलायची.

"लुआताई, आता तुम्हाला झेपत नाही हो. घरी जा, मुलाबाळांकडे लक्ष द्या. हा स्वेच्छेने काम सोडायचा अर्ज आहे, नुसती सही करायची."

"मला मुलंबाळं नाहीत," सुएन म्हणायची. "झेपतंय मला."

आणि झेपत होतं, हीच तर गंमत. तिचं शरीर सेहेचाळीस वर्षांचं होतं आणि पस्तिशीच्या बायका जिथे रडकुंडीला येत तिथे ती नग पूर्ण करत होती. अडचण एकच होती, जवळचं दिसेनासं झालं होतं. बाजारातून घेतलेला चष्मा ती खोलीवर लावायची; कारखान्यात लावला तर पस्तिसाव्या वर्षी चाळिशी कशी लागली म्हणून कोणी विचारेल. मग ती सुईत दोरा ओवायची तो बोटांनी चाचपून. दर सोमवारी तिच्यासमोर तो कागद यायचा आणि दर सोमवारी ती सही न करता उठायची. तिच्याबरोबरच्या सतरा जणींनी सह्या केल्या. ती राहिली.

आणि मग एका रविवारी लुआ स्वतःच दारात येऊन उभी राहिली.

उन्हाने काळवंडलेली, गालफडं बसलेली. दोघींना शेजारी उभं केलं असतं तर मोठी कोण हे परक्याला सांगता आलं नसतं. सुएनने तिला बसवलं, फोडणीचा भात आणि सुकी मासळी पुढे केली. लुआने ताटाला हात लावला नाही.

"तळी विकली," ती म्हणाली. "नवऱ्याने दुसरं घर केलं. सासू म्हणते, तुझी पोरं तू बघ. आठ दिवस झाले मला इथे येऊन."

"आठ दिवस? आणि माझ्याकडे आज येतेस?"

"नोकरी मिळवूनच यायचं म्हटलं. तीन कारखाने झाले. आता नवी बाई घेताना कार्डातली चिप तपासतात, ताई, बोट टेकवलं की सगळं कुंडलीसारखं बाहेर पडतं. तिन्ही ठिकाणी एकच सांगितलं. तुम्ही तर आधीच कामावर आहात. एक पोरगी हसून म्हणाली, इथून चार किलोमीटरवर तुम्ही बूट शिवताय, मग इथे कशा उभ्या? भूत आहात का?"

सुएनने पाण्याचा पेला पुढे केला, लुआने तो बाजूला सारला.

"मला माझं नाव दे."

"एक वर्ष, लुआ. येनचं एकच वर्ष राहिलंय."

"एकोणतिसाव्या वर्षी मागितलं तेव्हाही येनच होती मधे!" लुआचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. "तुझी येन शिकली. माझी दोन्ही पोरं शाळा सोडून तळ्यावरचा चिखल उपसत होती. मी काही बोलले? तुला म्हणून दिलं होतं ना नाव, मी खिदळत दिलं. बावीस वर्षांची अक्कल ती! तू तेहेतीस वर्षांची होतीस. तुला कळत होतं तू काय नेतेस ते."

"काम मी केलंय," सुएन म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "तेरा वर्षं हातांनी मी केलंय."

"हो. आणि वय माझं वापरलंस."

 खरंच होतं ते. लुआच्या बाविशीपासून पस्तिशीपर्यंतची जी वर्षं या गावात विकली जातात, ती सुएनने विकून खाल्ली होती. स्वतःसाठी नाही, पोरीसाठी. पण खाल्ली होती. सुएनने बहिणीचं ताट जवळ ओढलं, मासळीतले काटे काढले, पूर्वी लुआ लहान असताना काढायची तसे, आणि म्हणाली, "जेव. उद्या सही करते."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. एचआरच्या बाईने कागद पुढे केला आणि सुएनने गिरवून गिरवून पक्की केलेली लुआची सही ठोकली. बाई इतकी खूश झाली की तिने चहा मागवला. अनुभवाचा दाखला हातोहात मिळाला. त्यात लिहिलं होतं, लुआ, शिवणकाम, तेरा वर्षं, वर्तणूक उत्तम. सुएनला तो बघून वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. पस्तिशी झाली असली तरी हा कागद असेल तर लुआला कोणीतरी घेईल. नुसतं नाव नाही, तेरा वर्षंही तिला परत देतोय आपण, असं तिच्या मनात आलं.

फाटकाजवळ थाओ भेटली. ती आता अडतीसची, अख्ख्या विभागाची मुख्य. आवाज तोच.

"चाललीस?"

"हो ताई."

थाओने इकडेतिकडे बघितलं. "आता ताई म्हणू नकोस. तू माझ्यापेक्षा मोठी आहेस. किती, सात-आठ वर्षांनी?"

सुएनने दाखला पटकन पिशवीत कोंबला.

"घाबरू नकोस, सही झाली तुझी. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बावीसची पोर ओरडलं की रडते, नाहीतर गाल फुगवते. तू 'बरं ताई' म्हणालीस आणि हात थांबवले नाहीस. घरी लेकरू ठेवून आलेली बाईच असं करते."

"मग काढलं का नाहीत?"

"काढू कशाला?" थाओला प्रश्नाचंच नवल वाटलं. "खोट्या नावाची बाई तक्रार करत नाही. जादा कामाला नाही म्हणत नाही, युनियनकडे जात नाही, लग्न करून पळत नाही. माझ्या लाइनीवर तुझ्यासारख्या नऊ जणी होत्या. वरचे साहेब विचारायचे, थाओ, तुझी लाइन एवढी शांत कशी गं? त्याच्या जोरावर मी इथवर आले." मग ती जरा ओशाळली. "पुढच्या वर्षी माझाही नंबर लागणार म्हणतात. बरं, जपून जा, ताई."

तेरा वर्षांत पहिल्यांदा तिला तिथे कोणी तिचं खरं वय ओळखून ताई म्हणायचा मान दिला होता, आणि तो कानाखाली बसावी तसा बसला. सुएनला वाटत होतं तिने कारखान्याला फसवलं. कारखान्याने तिचं गुपित पहिल्या दिवसापासून मशीनसारखं वापरलं होतं, तेल न घालता.

पस्तिशीच्या बाईला घेणारी जागा शोधायला नऊ दिवस लागले. शेवटी एका बॅगांच्या कारखान्याची पाटी सापडली : बायका, छत्तीस वर्षांपर्यंत, किमान दहा वर्षांचा शिवणकामाचा अनुभव, चाचणी द्यावी लागेल. त्या चाचणीनेच घोडं अडलं. लुआने जन्मात मशीनला हात लावलेला नव्हता. तिला जाळी विणता येत होती, कोळंबी निवडता येत होती, होडी वल्हवता येत होती. तामआजीकडे एक जुनं मशीन होतं, ते सुएनने मागून आणलं आणि लुआला शिकवायला बसली.

"पायाने दाबायचं नाही, पाय नुसता ठेवायचा. हां. कापड ओढू नकोस, ते आपलं आपण जातं."

"जात नाहीये!"

"जातं गं. तू त्याला सोडत नाहीस."

चौथ्या दिवशी सरळ शिवण जमली. आठव्या दिवशी वळणावरची जमेल जमेल असं वाटू लागलं. एकदा तर लुआ शिवण बघून चक्क हसली, आणि सुएनलाही वाटलं, बहुतेक जमतंय. अशी आशा वाटून घ्यायला नको होती.

चाचणीला पंधरा बायका होत्या. घेणारा तोआन नावाचा तरुण, इस्त्रीचा सदरा, सव्विशीचा असेल. चाचणी फाटकाच्या आत पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि बरोबर आलेल्यांना जाळीबाहेर उभं केलं होतं. सुएन जाळीला नाक लावून उभी होती. लुआने बोट टेकवलं, संगणकात तिचं नाव उमटलं, आणि तोआनचा चेहरा खुलला.

"तेरा वर्षं! वा. बसा, बसा. बाकीच्यांनी बघा जरा."

हे मात्र सुएनच्या ध्यानात आलं नव्हतं. दाखला जितका भारी, तितकी नजर जास्त. नव्या बाईला शोभेल अशी लुआची शिवण तेरा वर्षांच्या नावाखाली कशी खपणार? तोआनने तिच्यापुढे बॅगेचा गोल कोपरा ठेवला, दोन थर रेक्झिन, मधे पाइपिंगची गोल पट्टी. लुआने पाय ठेवला. मशीन तामआजीच्या मशीनच्या चौपट जोराने पळालं. शिवण कडेवरून उतरली, दोऱ्याचा गुंता झाला, सुई कटकन मोडली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"दुसरी सुई लावा," तोआन म्हणाला.

लुआला सुई बदलता येत नव्हती. ती तशीच बसून राहिली, हात मांडीत घेऊन.

"तेरा वर्षं काय करत होतात हो बाई?" तोआनने दाखला उजेडात धरला. "हा कागद कुठून आणलात?"

सुएन जाळीबाहेर राहू शकली नाही. दारवान 'अहो, अहो' म्हणेपर्यंत ती आत पोचली. "साहेब, ती घाबरलीये. मशीनच तसं आहे, याच्या दोऱ्याचा ताण जास्त ठेवलाय, कोणाचीही सुई मोडेल. बघा." तिने लुआला उठवलं, स्वतः बसली, मोडकी सुई काढली, नवी बसवली, चाचपून दोरा ओवला, ताणाची चकती पाव फेरा सैल केली आणि तो कोपरा एका दमात शिवला. मग कोणी सांगितलं नसताना दुसरा, तिसरा आणि चौथाही शिवला. तेवढी दोन मिनिटं तिला जगात दुसरं काही सुचलं नाही.

 तोआनने कोपरा हातात घेतला, उलटा केला, नखाने शिवण ओढून बघितली. शेजारी उभी असलेली लुआही ती शिवण बघत होती. तेरा वर्षं आपल्या नावाने काय काम होत होतं ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

"मला अशी बाई पाहिजे," तोआन म्हणाला. आवाज एकदम आदराचा झाला. "मावशी, कार्ड आहे? टेकवा बोट."

सुएनने बोट टेकवलं. तिचं स्वतःचं नाव इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुठल्या कारखान्याच्या पडद्यावर आलं. तोआन खाली वाचत गेला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"सेहेचाळीस." त्याने अजून खाली बघितलं. "आणि अनुभवाच्या जागी काहीच नाही. एका दिवसाचंही काम नाही तुमच्या नावावर. इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

लुआचा दाखला टेबलावर त्याच्या कोपराखाली होता. सुएनने तोंड उघडलं असतं, तर तो कागद खोटा ठरला असता, लुआच्या नावाला डाग लागला असता, दोघींचीही तेरा वर्षं पुसली गेली असती, आणि तरीही तिचं वय सेहेचाळीसच राहिलं असतं. तिने बहिणीकडे बघितलं. लुआ रडत होती आणि मान हलवून नको, नको म्हणत होती.

"घरीच होते," सुएन म्हणाली.

"घरीच?" तोआनला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "अहो, एवढा हात असून? वेळेवर कुठेतरी लागायला हवं होतंत, मावशी." त्याने तिचं कार्ड आणि लुआचा दाखला एकत्रच परत केले, शिवलेले चार कोपरे बाकीच्या बायकांना नमुना म्हणून टेबलावर ओळीने मांडले, आणि पुढचा नंबर पुकारला.